मुलीसाठी विचारतोय

जुन्या मित्राने, शिवदासने, त्या सकाळी नेमकं काय सांगायला व्हिडिओ कॉल केला होता, ते मधुकरला नंतर काही केल्या आठवेना. नाशिकच्या नव्या फ्लॅटची बाल्कनी दाखवत होता बहुतेक. आठवत राहिला तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतला माणूस. पांढरे केस, मधुकरचाच निळा शर्ट, मधुकरचाच चष्मा, पण चेहरा गुळगुळीत. गाल भरलेले, कपाळ स्वच्छ, नाकाच्या शेंड्यावर एकही खड्डा नाही. मधुकरने मान हलवली तशी त्या माणसानेही हलवली. फोन नवा होता, तो रिटायर झाल्यावर मुलीने, सईने, हौसेने घेऊन दिलेला. समोरच्या कॅमेऱ्यात चेहरा आपोआप साफ करायची काहीतरी सोय असते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळलं की लहानपणी देवी आल्या नसत्या तर आपण असे दिसलो असतो. “अरे, ऐकतोयस ना?” शिवदास विचारत होता. “ऐकतोय, ऐकतोय,” मधुकर म्हणाला आणि त्या चौकटीतल्या माणसाकडे टक लावून बघत राहिला. असं स्वतःकडे तो कधी बघत नसे. दाढी करतानाही नाही. दाढी करताना तो हाताने बघायचा.

मग ते रोजचंच झालं. बायको, नीलम, भाजी आणायला खाली उतरली की तो बेडरूमचं दार लोटून घ्यायचा आणि फोन समोर धरायचा. फोटो काढायचा नाही, नुसता बघायचा. या साठीला टेकलेल्या वयात आपण चोरून काय बघतोय, तर आपलाच चेहरा, या विचाराने त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. लिफ्टचं दार वाजलं की फोन उशीखाली. आयुष्यभर त्याने या गोष्टीला आपल्यात जागा दिली नव्हती. शाळेत पोरं ‘चाळण’ म्हणायची. “ए चाळण, पाणी ओत रे, गळतंय का बघू.” तोही हसायचा. हसलं की लवकर संपतं, हे त्याला फार लहानपणी समजलं होतं. पुढे मुंबईला येऊन विक्रोळीच्या कंपनीत लागला तो खरेदी खात्यात, आणि तिथे सगळं काम फोनवर. टेलिफोनच्या काळ्या रिसीव्हरमध्ये तोंड घातलं की मागे उरायचा तो फक्त आवाज, आणि आवाज त्याला देवाने भरभरून दिला होता. कोइमतूरचे, लुधियान्याचे माल पुरवणारे लोक त्याला न बघताच ओळखायचे. त्यातला एखादा कधीतरी मुंबईला यायचा, केबिनच्या दारात उभा राहून विचारायचा, “मधुकरजी कुठे बसतात?” मग उत्तर ऐकून त्याच्याकडे बघायचा. त्या बघण्यात क्षणभर काहीतरी अडखळायचं आणि लगेच हसू यायचं. तो अडखळलेला क्षण मधुकर वर्षानुवर्षं गिळत आला होता. नीलमला बघायला गेला तेव्हाही तो खाली मान घालून चहा पीत बसला होता. पुढे मेहुणीने गमतीत सांगितलं, की स्वयंपाकघरात आईने विचारल्यावर नीलम म्हणाली होती, “आवाज चांगला आहे.” त्या तीन शब्दांवर त्याने संसार केला. चेहऱ्याबद्दल त्याने तिला कधी विचारलं नाही, तिनेही कधी काढलं नाही. घरात एखादा आजारी माणूस असावा आणि सगळ्यांनी हळू बोलावं, तसं ते होतं.

घाटकोपरचं क्लिनिक त्याने निवडलं ते घराजवळचं, मुलुंडमधलं कुणी तिथे भेटणार नाही म्हणून. बसमधून जाताना खिडकीतून पाटी दिसली होती, त्वचा, केस, लेझर, केमिकल पील. पील म्हणजे सोलणं हे त्याला कळत होतं. संत्रं सोलतात तसं? आंघोळ करताना, जेवताना, तो शब्द त्याच्या गालांवर सरपटत राहिला. शेवटी एका दुपारी नीलमला बँकेत जातो म्हणून सांगून निघाला. खाली फरसाणचं दुकान होतं, गाठिया तळण्याचा वास जिन्यातून थेट वरपर्यंत येत होता, आणि वर काचेचं दार उघडल्यावर एकदम गारवा, मंद दिवे, पांढऱ्या भिंती. सोफ्यावर मुली बसल्या होत्या. एकीबरोबर तिची आई होती, दोघी हळू आवाजात गुजरातीत बोलत होत्या. सगळ्यांनी वर बघितलं आणि लगेच आपापल्या फोनमध्ये माना घातल्या. मधुकर दारातच थांबला. लहान मुलांच्या झोपाळ्यावर बसलेला म्हातारा जसा दिसेल तसे आपण दिसतोय, असं त्याला वाटलं. काउंटरमागच्या मुलीच्या कोटावर अक्षता असं नाव लावलेलं होतं. ती त्याच्याकडे बघून हसली, मग तिने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. “पेशंट कोण आहे, अंकल?”

कोण आहे, म्हणजे तुम्ही नसणारच. हे इतकं साहजिक होतं, की मधुकरच्या तोंडून शब्द आपोआप निघाले. “मुलगी. मुलीसाठी विचारतोय.”

एकदा ते म्हटल्यावर मात्र फार सोपं झालं. अक्षताने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलीचं नाव विचारलं. “सई.” नाव सांगताना जीभ जराही अडखळली नाही. मग तिने विचारलं, डाग आहेत की खड्डे? आणि मधुकर बोलायला लागला. खड्डे आहेत, म्हणाला. गालांवर जास्त, कपाळावरही आहेत. लहानपणापासून. ती बोलत नाही काही, पण आरशात बघत नाही. फोटोत मागे उभी राहते. नवीन माणूस भेटलं की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते, तो कुठे बघतोय ते बघायला. हे सगळं त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, नीलमलासुद्धा नाही. त्या अनोळखी पोरीसमोर, टेबलावरच्या क्रीमच्या बाटल्यांकडे बघत, तो एकेक सांगत गेला आणि सांगताना छातीत काहीतरी सैल होत गेलं. “लग्नाचं बघताय का?” अक्षताने मायेने विचारलं. “हो,” तो म्हणाला. “मग वेळेवर आलात. आणा तिला शनिवारी, डॉक्टर बघतील. आणि अंकल, तिला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.” जिना उतरताना त्याला हलकं वाटत होतं. खाली रस्त्यावर आल्यावर रिक्षाच्या आरशात त्याला चेहरा दिसला, आणि आपण आत्ता काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. लक्षात आलं, पण कुणाला कळणार आहे, असं म्हणून त्याने ते बाजूला सारलं. नंबर आपलाच दिलाय. शनिवारी जायचंच नाही, म्हणजे झालं.

सई जन्मली तेव्हा मुलुंडच्या प्रसूतिगृहात आयाने तिला कपड्यात गुंडाळून बाहेर आणलं होतं. लोक बोटं मोजतात, नाक कुणासारखं ते बघतात. मधुकरने आधी तिचे गाल बघितले. वण काही रक्तातून येत नाहीत, हे शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, तरी त्याने बघितले, आणि स्वच्छ दिसल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, बाप झाल्याचा आनंद. सोळाव्या वर्षी तिला मुरुम आले. सगळ्याच मुलींना येतात, पण सईला जरा जास्तच, लाल, ठणकणारे, आणि बरे होताना मागे डाग ठेवून जाणारे. त्या दोन-तीन वर्षांत मधुकर तिच्याशी बोलताना पेपर वाचायला लागला. टीव्हीकडे बघून बोलायला लागला. तिच्या गालाकडे नजर गेली की त्याला त्याची आई आठवायची. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात देवी काढायला, लस टोचायला माणूस आला होता, तेव्हा शेजारच्या पोराला टोचल्यावर ताप भरला म्हणून आईने मधुकरला सरपणाच्या ढिगामागे लपवून ठेवलं होतं. पुढे देवी आल्याच. तो वाचला. त्या लपवण्याचं त्याला आईने कधी सांगितलं नाही, मामीने सांगितलं. पण न सांगताही आई ते रोज सांगायची. आंघोळीच्या वेळी दुधात कालवलेलं डाळीचं पीठ त्याच्या गालांना चोळताना, तो कॉलेजात गेल्यावरसुद्धा जेवायला वाढताना ती त्याच्याकडे बघायची ते असं, की जणू समोर पोरगा नाही, एक चूक बसलीय आणि तिला भात वाढायचाय. त्या नजरेचा त्याला तिटकारा होता. पोरांच्या ‘चाळण’पेक्षाही जास्त. म्हणून त्याने ठरवलं होतं, की आपण आपल्या मुलीकडे तसं बघायचं नाही. आणि त्याने बघणंच सोडून दिलं.

अक्षताचा फोन आला तो गुरुवारी संध्याकाळी. मधुकर आंघोळीला गेला होता आणि फोन जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. सई नुकतीच हॉस्पिटलमधून आली होती. ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे गुडघे नि पाठी हाताळून दमायची आणि आल्या आल्या पाय वर घेऊन बसायची. तिने फोन उचलला. मधुकर टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा ती उभी होती, फोन कानाला, आणि तिचा चेहरा कोरा होता. “हो,” ती म्हणत होती. “मी सईच बोलतेय.” मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. “नाही, आरशात बघते मी. रोज बघते.” पुन्हा ऐकत राहिली. “हो का? असं म्हणाले? बरं. सांगते.” तिने फोन टेबलावर ठेवला, चार्जरची वायर नीट सरळ केली आणि म्हणाली, “शनिवारी अकराला बोलावलंय मला.”

“सई, ऐक...”

“मी फोटोत मागे उभी राहते म्हणे. बाबा, कधी रे मी मागे उभी राहिले?” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “माझं लग्न ठरतंय हे मला ती रिसेप्शनिस्ट सांगते. आणि लाजू नका म्हणते. मी लाजत नव्हते गं, असं सांगणार होते तिला.”

नीलम स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. “काय झालं?” सईने सांगितलं, दोन वाक्यांत, जणू पेशंटची केस सांगावी तसं. नीलमने मधुकरकडे बघितलं. ओल्या केसांचं पाणी त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. आता एकच वाट होती आणि ती उघड्या मैदानातून जात होती.

“ते माझ्यासाठी होतं,” तो म्हणाला.

मग नीलमला हसू फुटलं. मुद्दाम नाही, छद्मीही नाही, भांडं हातातून निसटावं तसं. “तुमच्यासाठी? अहो, काहीतरीच काय!” आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला, पण ते हसू घरात सांडून गेलं होतं. सई हसली नाही. ती म्हणाली, “बाबा, प्लीज. निदान खोटं तरी नीट बोल. तुला कधी काही वाटलंय का स्वतःच्या चेहऱ्याचं? मी दहावीत रडायचे तेव्हा तूच म्हणायचास ना, चेहऱ्यात काय आहे? पेपरातनं डोकं वर न काढता म्हणायचास.” तिने पर्स उचलली. “मला माहितीय तुला बघवत नाही माझ्याकडे. आधीपासून माहितीय. फक्त हे बाहेर जाऊन सांगशील असं नव्हतं वाटलं.” तिच्या खोलीचं दार लागलं, आपटलं नाही, नुसतं लागलं.

मधुकर तिथेच टेबलाशी बसला. खरं बोलायला एवढी हिंमत केली, आणि ते कुणाला पटण्यासारखंच नव्हतं. इतकी वर्षं त्याने आपल्याला काही वाटत नसल्याचं सोंग असं बेमालूम वठवलं होतं, की आता त्याच्या घरातली दोन माणसं, जी त्याला सर्वांत जास्त ओळखत होती, तीच शपथेवर सांगायला तयार होती, की याला काही वाटत नाही. नीलमने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. समोर बसली. मग म्हणाली, “खरंच तुमच्यासाठी?” त्याने मान हलवली. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं हसूचं शेवटचं टोकही विरलं. “मला कधी बोलला नाहीत,” ती म्हणाली. त्यात तक्रार होती आणि भीतीही होती, आपण इतकी वर्षं कुणाशेजारी झोपतो आहोत अशी. “ती म्हणतेय ते खरंय हो. तुम्ही बघत नाही तिच्याकडे. मी म्हणायचे, बापाचं काळीज असतं एकेकाचं, दाखवता येत नाही. तुमची बाजू घ्यायचे.” त्याला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. तळमजल्यावर राहत असतो तर सोपं गेलं असतं, असाही एक वेडा विचार डोक्यात येऊन गेला.

शुक्रवारभर सई त्याच्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाही. शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या दारात उभा राहिला. “चल माझ्याबरोबर.” ती गादीवर बसून केस विंचरत होती. “मी करून घेणार नाहीये काही.” “तुला नाहीच करायचं. तू नुसती बस. तुझ्यासमोर विचारतो, मग ठरव काय ते.” ती आली ती रागानेच आली. रिक्षात दोघांच्या मध्ये तिची पर्स ठेवलेली होती. हायवेवर धूळ उडत होती, विक्रोळीला त्याची जुनी कंपनी मागे गेली तेव्हा त्याने नेहमीसारखं तिकडे बघितलं नाही. जिन्यात गाठियाचा वास होता. काचेच्या दारातून आत गेल्यावर अक्षता लगबगीने उठली, तिने सईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि गोंधळली. सईच्या गालांवर जुने फिकट डाग होते, बस. सांगितलेले खड्डे तिथे कुठेच नव्हते. अक्षताची नजर हळूहळू वळली आणि मधुकरच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. तो जुना अडखळलेला क्षण. पण आज त्यानंतर हसू आलं नाही. पोरगी लाल झाली. “सॉरी, अंकल,” ती पुटपुटली. “नाही, मीच,” तो म्हणाला. सोफ्यावरच्या मुली ऐकत होत्या. त्याला वाटलं होतं की हाच सर्वांत वाईट क्षण असेल. तो नव्हता.

डॉक्टर तरुण होती, सईहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी. तिने त्याला आडव्या खुर्चीत बसवलं, वरचा दिवा ओढला आणि भिंग लावून त्याचा चेहरा बघू लागली. इतक्या जवळून, इतक्या उजेडात त्याला आजवर कुणी बघितलं नव्हतं. तिची हातमोज्यातली बोटं गालावरून, कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून फिरत होती आणि सई भिंतीशी स्टुलावर बसली होती. आपण हिच्यासमोर कपडे उतरवून बसलोय, तसं त्याला वाटलं. “हे देवीचे ना, काका? आम्ही पुस्तकातच बघितलेत.” ती कौतुकाने म्हणाली आणि मग सावध झाली. “खरं सांगू का? पीलने हे भरणार नाहीत. वण खोल आहेत, फार जुने आहेत. पील म्हणजे वरचा थर जातो. काळसरपणा जरा कमी होईल, कडा जराशा मऊ दिसतील. तुम्हाला नेमकं काय हवं होतं?”

काय हवं होतं, हे तो फोनमधल्या त्या माणसाकडे बघताना रोज जाणत होता, पण तोंडाने सांगता येईना. हे इथेच संपवता आलं असतं. असू दे डॉक्टर, वयच झालं आता, म्हणून हसता आलं असतं. हसलं की लवकर संपतं. त्याने ओठ हलवलेसुद्धा. पण घशातून जो आवाज निघाला तो कंपनीत गाजलेला आवाज नव्हता, बारीक होता, हट्टाने बसलेल्या पोराचा होता.

“थोडं तरी?” तो म्हणाला. “थोडं तरी होईल ना?”

डॉक्टरने भिंग बाजूला घेतलं. सईने मान वळवली आणि भिंतीवरच्या चार्टकडे बघू लागली. बाप कपडे बदलताना मुलगी नजर वळवते तशी. त्या क्षणी तिला पटलं, हे मधुकरला तिच्या मानेवरूनच कळलं. आणि ते पटावं म्हणूनच आपण हिला इथे आणलं, हे आठवूनही त्याला इतकी लाज वाटली, की डोळे मिटून घ्यावे लागले. मिटल्या डोळ्यांपुढे दिव्याचा लाल उजेड होता. डॉक्टर म्हणाली, की हवं तर आज कानामागे थोडंसं लावून बघू, तुमच्या त्वचेला कसं सोसतं ते कळेल, घाई नको. “लावा,” तो म्हणाला. ती तयारी करायला पलीकडच्या खोलीत गेली.

“माझंच नाव का घेतलंस?” सईने विचारलं. अजून ती चार्टकडेच बघत होती.

त्याला सांगता आलं असतं, की सुचलं तेच बोललो. ते खोटं नव्हतं. “तू झालीस तेव्हा मी आधी तुझे गाल बघितले होते,” तो म्हणाला. “नंतर तुला मुरुम आले, तर मला वाटलं माझंच काहीतरी... माहितीय मला, तसं नसतं. पण मला बघवेना. तुझं काही वाईट दिसत नव्हतं, सई. मी माझंच बघत होतो.”

“दहा वर्षं मला वाटतंय, मी घाण दिसते म्हणून तू पेपर वाचतोस.”



डॉक्टर परत आली. छोट्या वाटीत पाण्यासारखं काहीतरी होतं, त्याला आंबूस वास होता. तिने त्याचं डोकं एका बाजूला वळवलं, कानामागे ब्रश फिरवला. आधी गार लागलं, मग मुंग्या आल्या, मग एकदम असं चरचरलं, की त्याची बोटं खुर्चीच्या हातावर वळली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाणी बाजूला वाहून उशीवर पडत होतं. डॉक्टरने ट्रेमधला बॅटरीवरचा छोटा पंखा उचलला, वारा घातला की बरं वाटतं म्हणाली. सई स्टुलावरून उठली. “द्या इकडे,” म्हणाली आणि पंखा हातात घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली. डॉक्टर घड्याळाकडे बघत होती. मधुकरने डोळे उघडले. सईचा चेहरा वरून, उलटा, अगदी जवळ होता, दिव्याच्या उजेडात गालांवरचे फिकट डाग एकेक स्पष्ट दिसत होते, वरच्या ओठावर बारीक घाम होता. त्याने नजर हलवली नाही.

“झोंबतंय?” तिने विचारलं.

“हो.”

“खूप?”

“हो.”

“मी अजून चिडलेलीच आहे हां, बाबा.”

“हो.”

“मग हलू नकोस,” ती म्हणाली आणि तिने पंखा त्याच्या कानाजवळ नेला.